आत्या-भाचीच्या तारा

आत्या शिवणकाम करायची. वय बेचाळीस. भाचीच्या दातांना तारा बसवायच्या म्हणून ती तिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि स्वतःच्याही तोंडात तारा घालून घरी आली. तिच्या भावाने, म्हणजे भाचीच्या बाबांनी, कपाळाला हात लावला.

दोघींचे सांधे जन्मापासून सैल. आजोबांकडून आलेला हा घरचा वारसा. भावालाही तो होता, पण त्याचे दात तेवढे सरळ. या दोघींची बोटं मागे पार मनगटाकडे वळायची, कातडी जरा घासली की फाटायची, आणि मोठी जांभई दिली की जबडा सुटायचा. दातही दोघींचे सारखेच वेडेवाकडे. डॉक्टरीणबाईंनी आधी जुने कागद नीट वाचले. मग सांगितलं, की असे दात जोरात ओढायचे नाहीत. बारीक तार, हलका ताण, आणि गालाला टोचू नये म्हणून टोकांवर मेण. शेवटी म्हणाल्या, "तुमचे दात काढायची गरज नाही. तुम्ही मात्र उगाच दात काढत बसू नका, जबडा निखळेल."

झालं. त्या दिवसापासून दोघींना हसण्याखेरीज काही सुचेना. भाची समोर आली की आत्या मशीन थांबवून तोंडावर कापड धरायची. जेवताना एकमेकींकडे बघायचं नाही असं ठरलं, तर त्या ठरण्यावरच हसून हसून पुरेवाट.

पाचव्या महिन्यात, दवाखान्याच्या खुर्चीतच, आत्याचा जबडा सुटला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, की दात अगदी शहाण्यासारखे सरकतायत. त्यावर भाची पुटपुटली, "चला, घरात कुणीतरी शहाणं निघालं." आत्याचं तोंड उघडं ते उघडंच. भाची रडकुंडीला आली. डॉक्टरीणबाईंनी हातमोजे घातलेले अंगठे मागच्या दाढांपाशी ठेवून जबडा हळूच खाली दाबला, मागे सारला. तो जागेवर बसताच आत्या म्हणाली, "आधी हिला बाहेर बसवा."

दोन वर्षांचं काम सोळा महिन्यांत झालं. पटकन सरकलेले दात पटकन माघारीही पळतात, म्हणून आतून एक तार कायमची राहणार होती. आत्याने आरशात पाहिलं. मग भाचीने तिचा हात धरला आणि दोघी रस्त्यावर आल्या. भाजीवाली, पोस्टमन, सिग्नलला थांबलेला मोटारवाला, जो दिसेल त्याच्याकडे बघून दोघी हसत सुटल्या. मोटारवाल्याने काच खाली करून विचारलं, की आपली कुठे ओळख आहे का.

"नाही हो," आत्या म्हणाली. "पण दात बघा ना."