रविवारी दहा ते एक

देवव्रतने कागद टेबलावरून पुढे सरकवला, टोपण काढून पेनही शेजारी ठेवलं, आणि नंदकिशोर टिपणीसांना भलतंच पत्र आठवलं. एकोणीस वर्षांपूर्वी पोस्टाने आलेलं, निळ्या शाईतलं. त्याचं उत्तर त्यांनी कधी दिलं नव्हतं.

“मोठं काही नाही सर,” देवव्रत म्हणाला. “त्या व्यापार कराराच्या मसुद्यावर दिल्लीनं वकिलांच्या संघटनांची मतं मागवलीत. आपली हरकत नाही, एवढंच कळवायचं. अध्यक्ष मी असलो तरी सगळ्यांत सीनियर तुम्ही. तुमची सही असली की वजन येतं.”

बार रूममध्ये दुपारचा चहा फिरत होता. टिपणीसांनी चष्मा पुसला.

“कलम अकरा वाचलंस?”

“एकशे चाळीस पानं आहेत सर! तुम्ही वाचलीत?”

“तीनदा. मला नीट कळलं असेल तर... परदेशी फर्म इथे येऊन सल्ला देणार. आणि स्वतःच्या नावाची पत्रकं छापून वाटणार.”

“जगभर तसंच चालतं ना. करार म्हटला की थोडं सोडावं लागतं. त्या आल्या की अंधेरीत आपल्याच पोरांना कामं मिळतील. माझ्या ऑफिसातली दोघं तर आत्तापासून उड्या मारतायत.”

“आणि आपल्याला?”

“आपल्याला काय?”

“पत्रकं.”

“आपल्याला जाहिरातीची बंदी आहे, ती राहणारच. तिचा कराराशी काय संबंध?”

टिपणीसांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. “परवा देतो.”

“तुमचा परवा म्हणजे पुढची दिवाळी!” देवव्रत हसला. “शुक्रवारपर्यंत उत्तर गेलं नाही, तर हरकत नाही असंच धरणार आहेत. म्हणजे तुम्ही काहीच केलं नाहीत तरी माझं काम झालं.”

आजूबाजूचे हसले. टिपणीसही हसले, ती त्यांची सवय होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शब्दकोशात ठेवलेलं ते निळ्या शाईतलं पत्र काढलं. सुगंधा तोरसकर. गिरणी कामगाराची मुलगी, भांडुपच्या एका चाळीतली पहिली वकील. चाळीवर बिल्डरच्या नोटिसा आल्या तेव्हा तिने एक पत्रक वाटलं होतं. ‘घर रिकामं करण्याची नोटीस आली? सही करण्याआधी विचारा. दर रविवारी दहा ते एक. फी नाही.’ खाली तिचं नाव आणि पत्ता. बिल्डरच्या वकिलाने तक्रार केली: वकील असून जाहिरात केली. तेव्हा संघटनेचे चिटणीस असलेले टिपणीस तिच्या रविवारच्या खोलीवर पाहणीला गेले आणि त्यांनी अहवालात दोन वाक्यं लिहिली. पत्रक आढळले. त्यावर नाव व पत्ता छापलेला आहे.

दोन्ही खरी होती. सुगंधाची वकिलीची सनद वर्षभरासाठी स्थगित झाली. अपिलाच्या आधी तिने लिहिलं होतं, ‘सर, तुम्ही खोलीत आला होतात. तिथे काय पाहिलंत, तेवढंच लिहून द्या.’

टिपणीसांनी सात वेळा उत्तर लिहायला घेतलं होतं. पाहणी करणाऱ्याने एका बाजूने बोलावं का, हे त्यांना ठरवता येईना. तोवर अपिलाची तारीख होऊन गेली. ती अपील हरली, आणि पुन्हा कोर्टात आली नाही.

आता त्यांनी करारावरचं मत लिहायला घेतलं. पहिल्या मसुद्यात ‘कदाचित’ चार वेळा आलं, ‘माझ्या अल्प समजुतीप्रमाणे’ दोनदा. त्यांनी पट्टी घेतली आणि एकेक शब्द सरळ रेघेने खोडला. उरलेलं फारच थोडं होतं, पण ते त्यांनी स्वच्छ अक्षरात उतरवलं. मग आणखी तीन कागद लिहिले आणि छत्री घेऊन ते स्टेशनाकडे निघाले.

सुगंधाचं झेरॉक्सचं दुकान तिथेच होतं. ती काउंटरमागे कोणाचा तरी फॉर्म भरत होती.

“याच्या शंभर कॉपी.”

तिने वर पाहिलं.

“मशीन बंद पडलं का पुढच्या दुकानातलं?” ती म्हणाली. “एवढी वर्षं माझ्या दारावरून मान खाली घालून तिकडे जाता. मला काय दिसत नाय?”

टिपणीसांनी कागद पुढे केला. तिने तो काचेवर ठेवला आणि परत उचलला. मजकूर तिच्याच जुन्या पत्रकाचा होता, शब्दाला शब्द. खाली नाव होतं: ॲडव्होकेट नंदकिशोर टिपणीस.

“हे काय सर?”

“आमच्या बिल्डिंगच्या गेटवर एक लावून आलोय. हातानं लिहिलेलं.”

“सनद जाईल तुमची. या वयात काय नाटकं?”

“परदेशी फर्मला जे चालणार आहे, ते भांडुपच्या वकिलाला आधी चाललं पाहिजे. तुझ्यावरचा ठपका मागे घ्या, नाहीतर माझ्यावर कारवाई करा, असं करारावरच्या मतात दिल्लीला कळवतोय. सोबत हे जोडून.” त्यांनी छत्री काउंटरला टेकवली. “मला नीट मांडता आलंय की नाही, माहीत नाही.”

सुगंधाने मशीन सुरू केलं.

“आणि माझ्या पत्राचं काय?” पाठमोरीच राहून तिने विचारलं.

“ते पोस्टानं येईल.”

पोस्टात गर्दी नव्हती. खिडकीतल्या बाईंनी दिल्लीचं मोठं पाकीट वजन करून बाजूला ठेवलं. दुसरं पातळ होतं.

“भांडुपहून भांडुप? अहो काका, हे दुकान पाच मिनिटांवर आहे. चालत जाऊन हातात द्या ना.”

“तिनं पोस्टानं पाठवलं होतं.”

आतल्या कागदावर तीन ओळी होत्या. खोलीत त्रेचाळीस माणसं चटईवर बसली होती. तू एकदाही स्वतःचं नाव सांगितलं नाहीस. सही करू नका, एवढंच सांगत होतीस.

“हा गठ्ठा पण पाठवायचाय?” बाईंनी त्यांच्या बगलेतल्या पत्रकांकडे बोट केलं.

“नाही.” टिपणीसांनी वरचं पत्रक ओढून खिडकीतून आत सरकवलं. कानांच्या पाळ्या तापलेल्या त्यांना जाणवत होत्या. “हे तुम्हाला.”

बाईंनी ते वाचलं, घडी करून पर्समध्ये टाकलं, आणि पातळ पाकिटावर शिक्का मारला.