तांब्यावरचा हात

मित्रांनो, माझ्या पोटावर एक नाव कोरलेलं आहे. रोजच्या घासण्याने अक्षरं झिजली आहेत, त्यामुळे ते वाचायला मला थोडं उजेडाकडे वळवावं लागतं. 'चि. सौ. कां. राजकन्या हिस, बंधू श्रीमंत यांजकडून.' मी स्टीलचा तांब्या आहे, जुना आणि एका बाजूने चेपलेला. हा चेपा कसा पडला ते तुम्हाला सांगायचं आहे. मात्र माझी गोष्ट चेप्यापासून सुरू होत नाही. ती गळ्यापासून सुरू होते.

आधी मी एक सपाट चकती होतो. कारखान्यात दाब पडला आणि मला पोट आलं. गळा मात्र एका दाबात येत नाही. तो फिरत्या साच्यावर हळूहळू आवळून काढावा लागतो. गळा अरुंद असतो म्हणून तांब्यातली धार बेतात पडते. आणि तांब्यातून गटागट पिताना जो गुडगुड आवाज येतो, तोही या गळ्यामुळेच. पाणी बाहेर पडलं की तेवढीच हवा आत यायला बघते. वाट एकच, आणि ती अरुंद. हवा आणि पाणी त्या वाटेत एकमेकांना अडवतात, त्याचा तो आवाज. मी तो आयुष्यभर ऐकत आलो आहे.

लग्नात मी राजकन्येबरोबर मुदखेडजवळच्या एका गावात आलो. तिच्या सासरी माझा खरा मान वर्षातून एकदाच होई, आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. त्या दिवशी पूर्वजांच्या नावाने पाण्याने भरलेल्या मातीच्या घागरी मांडायच्या, त्यांच्यावर आंबा ठेवायचा, आणि मगच घरात वर्षाचा पहिला रस व्हायचा. जेवणं झाली की ओसरीवर पैज लागे. रसाने भरलेला तांब्या तोंडाला लावायचा आणि जमेल तितकं प्यायचं.

या पैजेला एक नियम होता. ज्या बाईने त्या दिवशी आंबे पिळले, तिला वाटलं की पुरे झालं, तर ती येऊन तांब्याच्या तोंडावर तळहात ठेवी. "बास," एवढंच म्हणे. हात आला की पैज संपली. मग पिणाऱ्याला कोणी हसायचं नाही, कारण तो हरलेला नसे. त्याला थांबवलेलं असे.

राजकन्येचा मुलगा भारत या पैजेत वाढला. एका आखितीला त्याने खुद्द श्रीमंतमामांना मागे टाकलं. मामा ढेकर देत म्हणाले, "भाच्याला पोट हाय का रांजण?" सगळे हसले. भारत आणखी पिणार होता, पण राजकन्येचा तळहात माझ्या तोंडावर आला. त्या हाताला कोयींचा वास होता. भारतने निमूटपणे मला खाली ठेवलं आणि मिशीसारखा लागलेला रस बाहीने पुसला.

पुढे तो बी.एस्सी. करायला नांदेडला गेला, तेव्हा राजकन्येने मला त्याच्या पिशवीत घातलं. एका घराच्या वरच्या मजल्यावर तिघांची खोली होती. भारत, देगलूरकडचा वीरेश आणि हुशार, बोलका सत्यम. तिथे मी पाणी दिलं, डाळ मोजली, आणि प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी पोटात उकळतं पाणी घेऊन तिघांच्या शर्टांना इस्त्रीही केली. भारतची कॉलर मी दोनदा दाबली, कारण पहिल्या वेळी ती नीट बसली नव्हती. मित्रांनो, ती सकाळ मला फार आवडते. मी पुष्कळदा तिथेच थांबायचा प्रयत्न करतो.

परीक्षा दुपारी संपली. घरमालकांचं सगळं कुटुंब लग्नाला हिमायतनगरला गेलेलं होतं. सत्यमने दारूची बाटली आणि थंड पेयं आणली. आधी पत्ते झाले. हरेल त्याने एक घोट घ्यायचा. भारतला दारूची सवय नव्हती. तो घोट घेऊन तोंड वाकडं करी आणि ग्लास लांब धरी.

"हा घरी तांब्यानं पितो म्हणे," सत्यम वीरेशला म्हणाला. "मामाला हरवलाय. आन् इथं ग्लास धरून बसलाय नवरीवानी."

भारत हसला. "रसाचं वेगळं हाय."

"काय वेगळं हाय? पोट तेच हाय ना?"

तिघेही विज्ञान शिकणारे. या प्रश्नात काय चूक आहे ते त्यांच्यापैकी कोणालाच दिसलं नाही. रसाने पोट ताणलं जातं आणि पोट स्वतःच नको म्हणतं. दारू मात्र नको म्हणणाऱ्यालाच आधी झोपवते. मला हे ठाऊक होतं, पण तांब्याला गळा असतो, वाचा नसते.

खिडकीतून मला उचललं गेलं. बाटलीत उरलेलं सगळं माझ्या पोटात आलं, त्यावर थंड पेय. सत्यमने नियम सांगितला. रिकामा होईपर्यंत तांब्या खाली टेकवायचा नाही. नियम एवढाच.

भारतने मला तोंडाला लावलं. गुडगुड आवाज सुरू झाला. मध्ये एकदा तो थांबला. त्याचे ओठ माझ्या काठावरच होते आणि डोळे वर, कोणाची तरी वाट बघावी तसे. घरी याच वेळी हात येत असे. तो बहुतेक त्याचीच वाट बघत होता. हात आला नाही. सत्यमचा आवाज आला, "टेकवायचा न्हाई हां, पैलवान." मग भारतने डोळे मिटले आणि मला रिकामं केलं.

त्याने मला पालथं करून दाखवलं. टाळ्या झाल्या. तो हसत गादीवर बसला, काहीतरी बोलला, आणि बोलता बोलता उताणा झोपला. त्यांनी त्याच्या तोंडावर पाणी मारलं, लिंबू पिळून पाजायचा प्रयत्न केला. लिंबूपाणी गालावरून गळ्यात ओघळलं. सत्यम म्हणाला, झोपेत उतरते. त्यांना वाटलं, पिणं थांबलं म्हणजे दारू थांबली. पण दारू अजून पोटातच होती आणि तिथून ती रक्तात जात होती. झोपलेल्या भारतला ती अजून चढतच होती.

थोड्या वेळाने तो घोरू लागला. मी खिडकीत होतो. मित्रांनो, तो आवाज मी ओळखला. ते घोरणं नव्हतं. अरुंद गळ्यात हवा आणि पाणी एकमेकांना वाट देत नाहीत, तेव्हाचा तो आवाज होता. माझाच आवाज, माणसाच्या गळ्यातून येणारा.

वीरेशलाही तो खटकला. "याचा आवाज बरा न्हाई वाटत. रिक्षा बोलावतो."

"येडा झाला का?" सत्यम म्हणाला. "दवाखान्यात नेलं की आधी घरी फोन जातो. मग खोलीबी जाते. घोरून राहिला तो. घोरतो म्हणजे बरा हाय."

वीरेश तरी चपला घालू लागला होता. एक चप्पल पायात आली आणि तेवढ्यात भारतचा फोन वाजला. फोन माझ्याशेजारीच होता. पडद्यावर 'आई' असं नाव आलं. वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. शेवटी वीरेशने तो घेतला.

राजकन्येने विचारलं, पेपर कसा गेला. वीरेश म्हणाला, चांगला गेला काकू, तो झोपलाय.  मग ती हसली.

"घोरून राहिला व्हय? ऐकू येतंय मला. बापावर गेला." आणि मग तिचा आवाज हळू झाला, जणू तिच्या बोलण्यानेच तो जागा होईल. "झोपू दे. लई जागलाय लेकरू. उठवू नको त्याला."

वीरेशने फोन ठेवला. त्याच्या खांद्यांतला ताण गेलेला मला दिसला. काय करावं हे त्याला कळत नव्हतं आणि आता एका मोठ्या माणसाने ते सांगितलं होतं. त्याने चप्पल काढली नाही, दुसरीही घातली, आणि दोघे दार ओढून खाली चहाला गेले.

खोलीत आम्ही दोघेच उरलो. मी खिडकीत आणि तो गादीवर. उन्हाचा पट्टा भिंतीवरून सरकत होता. आवाज येत होता. मग मध्ये खंड पडू लागला. खंड मोठा झाला. मी पुढच्या आवाजाची वाट बघत होतो. मी अजूनही बघतो.

दिवेलागणीला ते परतले. वीरेशने मला पाण्याने भरलं, भारतजवळ गेला, वाकला, आणि त्याच्या कपाळाला हात लावला. मी त्याच्या हातातून पडलो. फरशीवर आपटून हा चेपा आला. मग धावपळ, जिना, रिक्षा. मी कोपऱ्यात आडवा पडून राहिलो.

पुढचं मला भारतचे वडील किशन सामान न्यायला आले तेव्हा कळलं. डॉक्टरांनी एकच विचारलं होतं, आधी का नाही आणलं.  किशननी मला भारतच्या त्याच शर्टात गुंडाळलं. कॉलर अजून नीट बसलेली होती.

राजकन्येने मला राखेने घासलं, चिंचेने घासलं. स्टील वास धरून ठेवत नाही. हे खरं आहे आणि तिलाही ते ठाऊक आहे. तरी ती मला रोज एकदा नाकाशी नेते. पाणी ओततानाही ती मला अगदी थोडं कलंडवते, सुतासारखी धार धरते. लोकांना वाटतं, दुःखाने बाई मंद झाली. तसं नाही. तेवढ्या बारीक धारेला हवा वाट सोडते आणि आवाज होत नाही. कधी किशन घाईत मला उपडं करतात, माझा गळा गुडगुडतो, आणि चुलीजवळ ती आहे तशी थांबते. तो आवाज तिने फोनवर ऐकला होता. त्याला ती हसली होती.

आखिती आली. घागरी मांडल्या. या वेळी एक घागर जास्त होती, बाकीच्यांपेक्षा नवी. आंबे टोपलीत तसेच होते, पिळायला कोणी बसलं नव्हतं.

दुपारी दारात वीरेश उभा राहिला. सत्यमने नांदेड सोडलं होतं आणि फोन बदलला होता. वीरेश एकटाच आला होता. राजकन्येने त्याला बसवलं आणि पाहुण्याला देतात तसं माझ्यातून पाणी दिलं. त्याची नजर चेप्यावर गेली. त्याने मला दोन्ही हातांनी धरलं, पण ओठांपर्यंत नेता येईना.

"पी बाळा," ती म्हणाली. "तुझ्यावर राग न्हाई. मीच म्हणले व्हते, उठवू नको."

वीरेशने त्या नव्या घागरीकडे बघितलं. मग म्हणाला, "तुम्हाला ठाऊक नव्हतं, काकू. तुम्हाला फक्त आवाज ऐकू आला. मला त्याचं तोंड दिसून राहिलं व्हतं."

 ती रडली नाही. पुढे सरकली आणि तिने तळहात माझ्या तोंडावर ठेवला. हात कोरडा होता, कोयींचा वास नव्हता. "बास," ती म्हणाली. वीरेशला म्हणाली, की स्वतःला, की घागरीतल्या पाण्याला, ते मला समजलं नाही. हात मात्र तिने उचलला नाही. ऊन ओसरीवरून उतरून गेलं तरी तो तिथेच होता, आणि तेवढा वेळ माझ्या गळ्यात काही वाजलं नाही.

मित्रांनो, आता मला कोणी पैजेला काढत नाही. मी ताकाला असतो, पाण्याला असतो. पण तुमच्या खोल्यांमध्ये माझ्यासारखे तांबे असतील, ग्लास असतील, बाटल्या असतील. आमच्यापैकी कोणालाही स्वतःचं तोंड झाकता येत नाही. ते हातवाल्यांनाच करावं लागतं. कोणी मध्येच थांबून वर बघितलं, तर तो हात शोधत असतो असं समजा. आणि कोणी पिऊन झोपला, हाक मारून उठेना, त्याच्या गळ्यातून तसा आवाज येऊ लागला, तर त्याला कुशीवर वळवा, एकटं सोडू नका आणि दवाखान्यात न्या. घरचे रागावतील. खोली जाईल. जाऊ द्या.

आणि त्याच्या आईचा फोन आला, तर तिला खरं सांगा. ती उठवू नको म्हणणार नाही.