भुंग्याच्या गळ्यातली लोकरीची कंठी

मित्रांनो, नाक मुरडू नका. माझ्या अंगाला वास येतो हे माझं मलाही ठाऊक आहे. आज बाभळीच्या कुंपणावर लोंबकळते आहे म्हणून मला ऐरीगैरी सुतळी समजू नका. मी खटकचिंचोळीच्या अनसाबाईच्या हातची, काळ्या मेंढीच्या लोकरीची जुनी कंठी आहे.

अनसाबाईनं मांडीवर मला पीळ दिला तेव्हा तिच्या घरी मेंढरांचा कळप होता. कळपापुढं चालणाऱ्या एडक्याच्या गळ्यात माझी जागा. माझ्यात पितळी घुंगरू ओवलेलं होतं. बाजारच्या वाटेवर माणसं थांबून विचारायची, कुणाचा हो हा एडका? तेव्हा मी अशी ताठायचे की एडक्यालाही मान वर करावी लागायची. पुढं गायरानावर प्लॉट पडले, मेंढरं बसवायला रानं मिळेनात, कळप विकला गेला. घुंगरूही कुणीतरी काढून नेलं. मी खुंटीवर गेले. धूर खाल्ला, कोळ्यांची जाळी अंगावर घेतली. तक्रार केली नाही. केली असती तरी ऐकायला कोण बसलं होतं?

त्या घराची एक रीत सांगायला हवी. रानात दोन-तीन घरांची मेंढरं काट्यांनी वेढलेल्या एकाच वाड्यात बसायची. गळ्यातली गाठ ज्याची, जनावर त्याचं. दुसऱ्याच्या गाठीला हात लावणं म्हणजे चोरीच. कळप गेला, पण रीत काही त्या घरातून गेली नाही.

मागच्या थंडीत धाकटा मुलगा अनिलकुमार सासरवाडीहून, मेहकरहून, कुत्र्याचं एक काळं केसाळ पिल्लू घेऊन आला. नाव ठेवलं भुंग्या. अंगण एकच, पण चुली दोन. एक थोरल्या नागराजच्या बायकोची, श्रीदेवीची. दुसरी अनिलकुमारच्या बायकोची, रूपाची. कुत्र्याचं कुणी करायचं यावरून पहिल्याच सकाळी तोंडं वाकडी झाली. अनसाबाईनं सगळ्यांना ओसरीवर बसवलं आणि कामं वाटून दिली. सकाळची भाकर श्रीदेवीनं घालायची, संध्याकाळची रूपानं. बांधायचं-सोडायचं नागराजनं. दर रविवारी धुवायचं अनिलकुमारनं. मग मला खुंटीवरून काढून पिल्लाच्या गळ्यात बांधलं आणि म्हणाली,

"कुत्रं सगळ्यांचं. गाठ माझी. तिला कुणी बोट लावायचं न्हाई."

मी फुगले. मित्रांनो, तेव्हा माझ्या आतून दोन बोटं सहज जात होती.

थोड्या दिवसांनी अनसाबाईचा मोतीबिंदू पिकला. मुलगी रेणुका तिला बिदरला, मैलूरच्या आपल्या घरी घेऊन गेली. ऑपरेशन झालं, डोळा उघडला, पण रेणुका आईला सोडीना. इकडं भुंग्या वाढत होता.

आता तुम्ही म्हणाल, कुणीतरी कामात चुकारपणा केला असेल. नाही केला. भीती वाटते ती त्याचीच. भाकर वेळेवर, बांधणं-सोडणं वेळेवर. अनिलकुमार तर दर रविवारी बंबातलं कढत पाणी आणि कपड्याची पावडर घेऊन त्याला खसाखसा चोळायचा. कढत पाणी आणि साबण लागला की लोकर आटते, आवळते. पण अनिलकुमारनं आयुष्यात घोंगडं कधी धुतलंच नव्हतं. भुंग्याचा गळा भरत गेला, मी आटत गेले. त्याचे केस माझ्यावरून वाढले आणि मी दिसेनाशी झाले.

आधी भुंग्या भाकर गिळताना अडखळू लागला. श्रीदेवी म्हणाली, रूपाची भाकर म्हणजे दगड, त्याचं नरडं सोलून निघालं असेल. रूपा म्हणाली, थोरलीच्या कालवणानं माणसं खोकतात, तिथं मुक्या जनावराचं काय. मग त्याचं भुंकणं घोगरं झालं. नागराजला आनंद, म्हणे आवाज फुटायलाय, गडी मोठा व्हायलाय. मग वास सुटला. अनिलकुमारनं पावडर वाढवली.

मी कातड्यात उतरले होते. त्याचा एकेक श्वास माझ्या अंगाला घासून जायचा. मला ओरडता येत नव्हतं, आणि आता त्यालाही. अशा वेळी आपण कुणाच्या हातचे आहोत, हा तोरा काही कामाला येत नाही.

एका दुपारी मैलूरहून अनसाबाईचा फोन आला. नागराजनं सगळ्यांना ऐकू येईल असा तो हातावर धरला. तिनं घरच्या माणसांचं सोडून आधी कुत्र्याचं विचारलं. चौघांनी एकेक करून आपापलं काम सांगितलं, छाती काढून.

"भुंकवा बघू त्याला," ती म्हणाली.

नागराजनं फोन भुंग्यासमोर धरून छू केलं. भुंग्यानं तोंड उघडलं. वाळल्या पानांवरून कुणी चालावं तशी नुसती खरखर आली.

फोनमधून अनसाबाईनं विचारलं,

"कंठीत बोट जायलंय का?"

श्रीदेवी हळूच म्हणाली, "आत्याबाई, गाठ तुमची हाय. कोण हात लावंल?"

"मेंढरं गेली, वाडा गेला, आन् माझ्या गाठीचा देव केला व्हय तुम्ही? कापा ती."

तरी कुणी उठेना. नागराजनं अनिलकुमारकडं बघितलं, अनिलकुमारनं श्रीदेवीकडं. भुंग्या आडवा झाला. त्याची जीभ जांभळी पडली, तेव्हा रूपा उठली. लोकर कातरायची जुनी कातर तिनं आणली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि केसांत बोटं घातली.

"कुठं हाय ही बया?"

मी तिला सापडत नव्हते. सापडले तेव्हा तिची बोटं लाल झाली होती. तिनं डोळे मिटले नाहीत. कातर चालली, मी तुटले, आणि निघताना भुंग्याचं कातडं सोबत घेऊन आले.

भालकीच्या जनावरांच्या डॉक्टरनं टाके घातले. भुंग्या जगला. पण आता तो भुंकत नाही. परका माणूस दारातल्या शेळ्यांजवळ आला तर तो धावतो, तोंड उघडतो, आणि घरात कुणालाच काही ऐकू येत नाही.

रूपानं मला इथं भिरकावलं. तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

परवा जखम भरत आली तशी नागराजनं बाजारातून लाल नायलॉनचा पट्टा आणला आणि बकल ओढून त्याच्या गळ्यात बसवला. मग चौघांनी पुन्हा ओसरीवर बसून वाटणी केली. मलम सकाळी कुणी लावायचं, संध्याकाळी कुणी, गोळी भाकरीत कुणी घालायची. सगळं ठरलं. पट्ट्याचं नाव कुणी काढलं नाही.

मित्रांनो, तुमच्या दारात मुकं जनावर असेल तर पाळी कुणाची आहे ते विचारत बसू नका. जाता-येता त्याच्या गळ्यात स्वतःचं बोट घालून बघा. गेलं तर बरं. नाही गेलं तर आधी कापा, भांडायला सारा जन्म पडला आहे.

मला तिकडं ओरडून सांगता येत नाही. मी कुंपणावरून नुसती बघते आहे. भुंग्या अजून वाढतो आहे.