वाचून पुढच्याला सांगावे

पिंपळे गुरवच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचं महिन्याचं पत्रक साहेबराव लिहायचे. पांढऱ्या कार्डशीटवर पट्टीनं रेघा ओढायचे, जाड काळ्या पेनानं मजकूर, वाढदिवस लाल शाईत. चाळिशी उलटल्यावर, कंपनीतल्या साक्षरता वर्गात, शिफ्ट सुटल्यावर ते अक्षरं शिकले होते. उशिरा शिकलेला माणूस अक्षर घाईनं काढत नाही. त्यांचा प्रत्येक 'क' पंगतीला मांडी घालून बसल्यासारखा असे.

तळाशी न चुकता एक ओळ असायची: वाचून पुढच्याला सांगावे. कंपनीत पत्रा ठोकायच्या प्रेस शॉपमधल्या नोटीस बोर्डापुढं निम्मी माणसं नुसती उभी राहायची, आणि ज्याला वाचता येई तो त्यांना सांगायचा. साहेबराव त्या उभं राहणाऱ्यांतले. ओळ तिथून आली.

मग संघात मधुसूदन आले. चाकणच्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त, पुनावळ्याचा फ्लॅट विकून मुलीजवळ राहायला आलेले. संघाच्या खोलीत एक संगणक धूळ खात पडला होता. त्यांनी त्यातलं जुनं विंडोज काढलं आणि लिनक्स घातलं. म्हणाले, फुकट असतं आणि म्हाताऱ्या मशीनला झेपतं. मशीन खरंच पळायला लागलं. मग कुणीतरी वापरलेला प्रिंटर देणगी दिला.

"वर्धापनदिनाचं पत्रक या वेळी छापूनच लावू," चिटणीस सुहासिनीताई म्हणाल्या. "गुरुवारच्या सभेपर्यंत प्रिंटर चालू झाला तर. नाहीतर साहेबराव आहेतच."

तो 'आहेतच' साहेबराव घरी घेऊन गेले.

"स्टेपनी हाय मी," जेवताना ते बायकोला म्हणाले. "चाक पंक्चर झालं तर काढायची."

"असू द्या की," कस्तुराबाई म्हणाल्या. "तुमच्या डोळ्यांना तरी आराम. मधुसूदनभाऊंनी परवा माझ्या मोबाइलात अक्षरं मोठी करून दिली. किती निवांत समजावून सांगतात."

कालवणात मीठ नाही, असं साहेबराव म्हणाले. मीठ होतं.

दुसऱ्या दिवशी ते मदतीला म्हणून मधुसूदनांच्या खुर्चीमागं उभे राहिले. मदत काही नव्हती, पण तिथून सगळं दिसत होतं. मधुसूदनांनी वायर जोडली. प्रिंटरबरोबर आलेली सीडी बाजूला ठेवली. ती विंडोजची, इथं चालणार नव्हती.

"याच्या पोटातच छपाईचं एक ऑफिस असतं," ते म्हणाले. "सहाशे एकतीस नंबरच्या खिडकीवर जाऊन प्रिंटरचं नाव नोंदवायचं." त्यांनी पत्ता टाकला, पासवर्ड दिला. पडद्यावर एक ओळ आली.

"काय म्हणतंय?"

"मला परवानगी नाही म्हणतंय."

"आता काय करायचं, राव? तुमीच बसवलं, अन् तुमालाच वळखंना?" साहेबरावांचा आवाज जास्त साखर पडलेल्या चहासारखा गोड होता.

मधुसूदन हसले. "कंपनीचा वॉचमन तरी नव्या माणसाला कुठं सोडायचा? आधी नाव लावून घ्यावं लागतं." त्यांनी एक काळी खिडकी उघडली, आज्ञेची एक ओळ लिहिली, पुन्हा लॉगिन केलं. या खेपेला खिडकीनं त्यांना आत घेतलं. मात्र नेमकं ते मॉडेल यादीत नव्हतं, म्हणून त्यांनी त्याच्या जवळचं निवडलं आणि चाचणीचं पान पाठवलं.

प्रिंटर पानांमागून पानं ओकू लागला. त्यांवर आकडे, चिन्हं, तुटक्या रेघा. एक शब्द लागेल तर शपथ. साहेबरावांनी पान हातात घेतलं. चाळिशीपर्यंत त्यांना सगळी छपाई अशीच दिसायची. आज हे मधुसूदनांनाही वाचता येत नव्हतं. साहेबरावांना फार बरं वाटलं.

"ड्रायव्हर चुकला, मशीनची भाषा प्रिंटरला कळत नाही," मधुसूदन म्हणाले. "कागद वाया नको. हे पान रद्द करतो, प्रिंटर थांबवून ठेवतो, गुरुवारी सभेआधी बघू." त्यांनी पडद्यावर काहीतरी दाबलं आणि ते गोळ्या घ्यायला घरी गेले.

खोलीत साहेबराव एकटेच उरले. प्रिंटरवर एक नोटीस चिकटवली तर काम होणार होतं. पण हातानं लिहिली तर पहिल्या 'क'लाच पकडले जाणार. नोटीस छापलेलीच हवी. बिघडलेल्या प्रिंटरची नोटीस त्याच प्रिंटरमधून काढायची, यात त्यांना काही वावगं दिसलं नाही.

कीबोर्डवर मराठी अक्षरांचे स्टिकर होते. ते खुर्चीत बसले आणि एका बोटानं शोधत शोधत मजकूर लिहिला. मग मधुसूदन दाबायचे ते छपाईचं चित्र दाबलं. काही आलं नाही. कंपनीत प्रेसवर दोन्ही हातांची बटणं एकदम लागली नाहीत तर ठोका पडायचा नाही, मग परत दाबायचं. ते परत दाबत राहिले. कागद हलला नाही. हे धूड असंही चालत नाही, म्हणजे नोटीस तरी कशाला, असं म्हणून त्यांनी मजकूर पुसला आणि पायऱ्या हलकेच उतरले.

गुरुवारी खोली भरली होती. मधुसूदनांनी दुसरा ड्रायव्हर निवडला. "आता पुन्हा चालू करतो. थेट पत्रकच येईल."

प्रिंटर घरघरला. सुहासिनीताईंनी पहिला कागद उचलला आणि मोठ्यानं वाचला. "प्रिंटर कायमचा बिघडला आहे. पत्रक हातानेच लिहून घ्यावे." त्या थांबल्या. "हे तो स्वतःच सांगतोय?"

खोली हसली. तोवर दुसरा कागद आला, तिसरा आला, तसाच पुढचा.

"थांबवलेला असताना कुणीतरी पाठवलंय," मधुसूदन म्हणाले. "रांगेत उभं होतं सगळं."

"खाली अजून एक ओळ आहे," सुहासिनीताई म्हणाल्या. ती त्यांनी मनातच वाचली आणि कागद उलटा ठेवला. शेजारच्या कस्तुराबाईंनी तो सुलटा केला, वाचला आणि नवऱ्याकडं बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं. मजकूर लिहून झाल्यावर साहेबरावांचं बोट सवयीनं पत्रकाच्या तळाची ती ओळही लिहून गेलं होतं.

शेवटी खरं पत्रक आलं. साहेबरावांनी त्यात खोट शोधली. सरळ ओळी, ठसठशीत अक्षरं. सापडली नाही.

"साहेबराव," मधुसूदन हळू म्हणाले, "ती शेवटची ओळ माझ्या पत्रकात नाही. घालू का?"

"न्हाई. ती माझी हाय."

त्यांनी नोटिशीचे कागद गोळा केले, कोऱ्या बाजूनं जोडून चिकटपट्टी लावली, आणि सभा चालू असताना कोपऱ्यात बसून पत्रकाचाच मजकूर लिहिला. सभा संपल्यावर छापील पत्रकाच्या शेजारी आपलं लावलं. कुणी नको म्हटलं नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

मग ते दाराशी चप्पल शोधत राहिले. चप्पल समोरच होती. कस्तुराबाई दोन्ही पत्रकांपुढं उभ्या होत्या. शेजारी डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या एक बाई होत्या, त्यांना त्या मोठ्यानं वाचून दाखवत होत्या. दीपप्रज्वलन, सत्कार, गाणी. त्या कुठल्या पत्रकावरून वाचताहेत ते पाठमोरं कळत नव्हतं. मजकूर एकच होता, फक्त शेवटची ओळ सोडून. साहेबराव वाकून एका पायावर थांबले.

"...आणि चहापान," कस्तुराबाई म्हणाल्या. मग श्वास घेऊन म्हणाल्या, "वाचून पुढच्याला सांगावे."

साहेबरावांनी चप्पल घातली. जिना उतरताना त्यांना आठवलं की ती ओळ तिला पाठच होती.