सोडण्यासाठी धरलेला मासा

गळ चांगला होता, जाडजूड, चकचकीत, पण त्याचा उलटा दात पकडीने चेपून सपाट केलेला, आणि मोरू तांडेल तो तळहातावर घेऊन केव्हाचा बघत होता — दात पाडलेला गळ! म्हणजे मासा लागणार आणि हवा तेव्हा सुटणार. बापाने हे बघितलं असतं तर गळासकट मोरूलाही पाण्यात फेकलं असतं... बापाचं काय, त्याला निमित्तच लागायचं.

डहाणूच्या बंदरातून पहाटे निघालेली बोट आता इतकी आत आली होती की किनारा दिसेनासा झाला होता. चैत्रातलं ऊन, वारा पडलेला. सुकाणूवर भाचा सुनिल, मागे पट्ट्याने स्वतःला खुर्चीला बांधून बसलेला वापीचा जिग्नेशभाई, हातात त्याची गळ टाकायची परदेशी काठी.

"काका, दोरीला हात लावायचा नाय. मारायचा तर बिलकुल नाय. फोटो पाडून सोडून द्यायचा," त्याने चौथ्यांदा सांगितलं.

मोरूने चौथ्यांदा मान डोलावली. न डोलावून जातो कुठे? मुलाने, तुषारने, साफ सांगून टाकलं होतं — बाबा, जाळ्यात आता डिझेलपुरतंही येत नाही, जून लागायच्या आत बोट विकून टाकू. जिग्नेशभाईला आजची फेरी पसंत पडली तर तो आपले हौशी दोस्त याच बोटीवर आणणार होता. नाही पडली तर बोट जाणार, आणि मोरू ओट्यावर बसून दुसऱ्यांच्या बोटी मोजणार. जिवंतपणी मेल्यागत, असं त्याला वाटे, आणि ते कोणाला सांगता येत नसे.

दुपारच्या सुमाराला काठी वाकली. लांब चोच, पाठीवर शिडाएवढा पंख — जिग्नेशभाई 'सेलफिश, सेलफिश' म्हणून ओरडला — मासा पाण्याबाहेर उभा राहिला आणि कोसळला. पाऊण तास माशाची आणि जिग्नेशभाईची ओढाओढ चालली, आणि मोरू आपले हात काखेत दाबून उभा, कारण ते आपले आपण दोरीकडे निघाले होते. मासा कडेला आला तेव्हा त्याला कळलं की दांडका आपल्या हातात आहे... कधी उचलला? चाळीस वर्षांची खोड, मासा कडेला आला की डोक्यात एक घाव, बोटीत तडफड नको.

"मामा!" सुनिल ओरडला. मोरूने दांडका टाकला.

मग वाकून त्याने दोन्ही हातांनी चोच धरली, जिग्नेशभाईने मोबाइलवर फोटो पाडले. गळ अलगद सुटला. मासा दमला होता, असाच सोडला तर बुडून मरेल म्हणे, मासा बुडून मरेल, ऐका! — म्हणून सुनिलने बोट हळू पुढे घेतली, आणि मोरू ओणवा होऊन माशाला पाण्यातून चालवत राहिला, तापातून उठलेल्या माणसाला अंगणात फिरवावं तसा. कल्ले उघडू-मिटू लागले. शेपटीत जोर आला. तो जोर मोरूच्या खांद्यापर्यंत पोचला.

"सोडा आता, काका."

हात उघडेना. मोरूने मनाशी म्हटलं, सोड. हात उघडेना. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये हे ऐकत वाढलेला हात, त्याने मिळालेलं कधी परत दिलंच नव्हतं... "छोडो ना, काका, मरेल तो!" आणि कधीतरी, कसं ते मोरूला आजही सांगता येणार नाही, हात रिकामा झाला. खाली एक निळी रेघ गेली.

जिग्नेशभाईने त्याला मिठीच मारली. "पुढच्या रविवारी सहा जण. बोट हीच, आणि काका तुम्हीच." बोट वाचली होती. मोरू हसला, सुनिलने शीळ घातली आणि बोट बंदराकडे वळवली.

बंदरात सोनूबाई उभी होती, नवऱ्याची बोट यायच्या वेळी गेली तीस वर्षं उभी राहत आली तशी, काखेला पाटी लावून. येऊ नको म्हणून सांगितलं होतं, पण ऐकेल तर सोनूबाई कसली!

"काय गावलं का, अवो?"

"मोठा लागला होता," मोरू म्हणाला. "दोरी तुटली."

तोंडातून निघून गेलं. दोरी तुटली म्हणणारा तांडेल म्हणजे नाक कापलेला तांडेल, सगळ्या बंदराला ठाऊक होतं, तरी तेच त्याला सोपं वाटलं. धरलेला मासा मी माझ्या हाताने सोडला, हे बायकोला कोणत्या तोंडाने सांगायचं?

"जाऊ द्या. दर्याचा होता, दर्याने ठेवला," ती हळू म्हणाली. असं ती पूर्वी कधी बोलली नव्हती, आणि त्या मायेने मोरूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात मागून जिग्नेशभाई आला, मोबाइल उंच धरून. "काकी, बघा, काकांचा मासा बघा!"

आता खोटं उघडं पडणार, मोरूला कळत होतं. त्याने मान खाली घालायला हवी होती. पण सोनूबाईने मोबाइल हातात घेतला आणि मोरू तिच्या खांद्यावरून वाकून बघायला लागला, ऊन आड करायला हात धरून, अधीर होऊन... एवढे मासे मारले, पण जिवंत माशाचा डोळा कोणत्या रंगाचा असतो हे त्याला ठाऊक नव्हतं.

"जरा इकडे कर," तो म्हणाला. "मला दिसत नाही."