शिकंज्यातले सात दिवस

औषधांचे दुकान चालवणाऱ्या मेहुण्याला आपल्या अज्ञानाचा जेवढा अभिमान होता, तेवढा पंडितांना पांडित्याचाही नसतो, असे पुस्तकबांधणी करणाऱ्या बाइंडरांचे ठाम मत होते. दोन वर्षे त्यांच्या हातांवर चट्टे उठत होते आणि दर खेपेस मेहुणा स्टेरॉइडच्या मलमाची नवी ट्यूब देऊन खळीच्या बादलीकडे बोट दाखवी.

"भाऊजी, रोग या खळीत आहे. धंदा सोडा."

"आणि तुझं मलम?"

"ते तर औषध! औषधाची कुठं अ‍ॅलर्जी असते?"

शेवटी अ‍ॅलर्जी नेमकी कशाची ते पाहायला त्वचारोगाच्या डॉक्टरबाईंनी त्यांच्या पाठीवर खळ, चामडे, शाई आणि ते मलमही चिकटपट्ट्यांखाली लावले. दोन दिवसांनी पट्ट्या काढल्या. चौथ्या दिवशीही पाठ कोरी!

"सातव्या दिवशी पुन्हा या," बाई म्हणाल्या.

मेहुण्याला चेव आला. "कोऱ्या पाठीवर काय वाचणार? त्यापेक्षा पुस्तकं दाबायचा तो शिकंजा विकून टाका, गिऱ्हाईक मी आणतो."

सातव्या दिवशीही काही निघाले नाही तर कारखान्याला कुलूप लावायचे, असे बाइंडरांनी मनाशी ठरवले होते. पण ते म्हणाले, "अरे शहाण्या, शिकंज्यातलं पुस्तक वेळेआधी काढलं की पुठ्ठा वाकतो. चाळीस वर्षांत मी कधी काढलं नाही. आता माझी पाठ तेवढी काढू?"

सातव्या दिवशी बाईंनी दिवा जवळ धरला. खळीच्या जागी काही नव्हते. मलमाच्या जागी मात्र लालबुंद कडे उठले होते, मधोमध फिकट.

"काका, हे मलम सूज दाबतं, म्हणून स्वतःनं उठवलेली सूजही दाबून ठेवतं. कडेला ते विरळ असतं, तिथं आधी उघडं पडतं. म्हणूनच उशिरा बघायचं. हे बंद करा, हात बरे होईपर्यंत हातमोजे घाला, खळ खुशाल कालवा."

बाइंडरांनी पाठीचा फोटो मेहुण्यापुढे धरला. त्याने तो उलटसुलट पाहिला, घसा खाकरला आणि गंभीरपणे विचारले, "मग याहून कडक देऊ का?"

बाइंडरांनी हातमोजे चढवले, ट्यूब त्याच्या खिशात कोंबली आणि खळीची बादली पुढे ओढली.