चौघींची वार

"ताई, वार देतील ना?" कळ ओसरली की सुगरती तेवढंच विचारायची.

"देतील वं माय! डॉक्टरीणबाईले इचारून ठेवलं म्या. चढ आता गाडीत!"

मी शकुन, मूर्तिजापूरकडच्या वीटभट्ट्यांवर फिरणारी आशाताई. मेळघाटातून कामाला आलेल्या पोटुश्या कोरकू बाया दर गुरुवारी माझ्यासोबत चटईवर गोल बसतात, एकमेकींच्या पायांची सूज बघतात आणि मनातली भीती बोलून टाकतात. सुगरतीची भीती बाळामागून पडणाऱ्या वारेची. तिच्या घरी वार दाराशी पुरतात. ती कुठंही पडली तर लेकरू धड जगत नाही म्हणे. आणि दवाखान्यात ती कचऱ्यात जाते, हे तिच्या कानावर आलेलं. बैठकीत बायांनीच ठरवलं, आधी सुगरती दवाखान्यात जाईल. तिला वार मिळाली तरच बुधाय येईल. या बुधायचे पाय सुजून टम्म, बीपी चढलेलं. ती झोपडीत बाळंत झाली असती तर?

सुगरतीला मुलगी झाली. मी मडकं घेऊन आत धावले, तर डॉक्टरीणबाई ड्यूटी संपवून गेलेल्या. नवी सिस्टर म्हणाली, "वार? पिशवीत टाकली ना!"

"अवो, कावून टाकली? सांगून ठेवलं होतं ना!"

"मले कोनी नाई सांगतलं."

मागच्या खोलीत दवाखान्याच्या कचऱ्याची ती मेली पिवळी पिशवी होती. त्यात त्या दिवशी बाळंत झालेल्या चौघींची वार एकत्र. कोणती कुणाची, काय कळणार? एक उचलून मडक्यात टाकली असती तर कुणाला पत्ता लागला असता? सुगरती खूश, बुधाय दवाखान्यात, माझ्या जिवाचा घोर मिटला. झाकण काढलंही होतं मी. पण सुगरतीनं माझ्या शब्दावर गाडीत पाय ठेवला होता. चडफडत तशीच परत आले.

सुगरतीच्या खाटेपाशी बुधाय बसली होती. भट्टीच्या ट्रॅक्टरवरून बघायला आलेली.

"सुगरती, घोळ झाला वं. चौघींची एका जागी टाकली. तुयी कोनती, मले नाई समजत."

बुधाय उठून चपला पायात सरकवू लागली. गेली ही हातची, मला रडूच फुटायचं बाकी होतं.

सुगरती पोरीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मंग चौघींची आन."

"काय?"

"सारी पुरतो आमी. त्या तिघींची लेकरं बी जगली पायजेत ना."

"नियम नाई तसा," सिस्टर दारातून करवादली; पण तिथंच उभी राहून डॉक्टरीणबाईंना फोन लावू लागली.

बुधायनं माझ्या हातातल्या मडक्यात डोकावून पाहिलं. "हे लहान पडते. आन ताई, मायी बारी आली का या सिस्टरले आधीच सांगजो," म्हणाली, आणि ट्रॅक्टरमधलं घमेलं आणायला खाली उतरली.